संकलन : कापण्याची विद्या आणि वाचनाची रीत

चित्रपटाचे तुकडे जोडण्याच्या कामाला बंगालीत ‘सम्पादना’ म्हणतात. मराठीत ‘संकलन’ हा शब्द रूढ झाला. दोन्ही शब्दांत या कलेची एकेक बाजू व्यक्त होते. संकलनात गोळा करणे आहे, तर संपादनात निवडणे आणि वगळणे. ही विद्या शिकणारा विद्यार्थी पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे जातो. जोडणे काही दिवसांत साधते. काय टाकावे हे कळायला मात्र वर्षे लागतात.

पुण्यात १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि परंपरेने उमेदवारीतून मिळणारे हे शिक्षण अभ्यासक्रमाच्या रूपात आले. ३५ मिलिमीटर फिल्मच्या काळात सेकंदाला २४ चौकटी आणि मिनिटाला ९० फूट असा हिशेब हाताला बसलेला असे. विद्यार्थी प्रथम चित्रित तुकड्यांची नोंद करी, चित्राशी ध्वनी जुळवी, कच्ची जुळणी करी आणि मग ती आवळत नेई. हे सर्व पॉझिटिव्ह प्रतीवर चाले. मूळ निगेटिव्हला कात्री लागे ती अगदी शेवटी. कारण ती चूक दुरुस्त होत नसे. त्यानंतर ध्वनिमिश्रण आणि रंगसंस्कार. संगणक आल्यावर प्रत्येक काप मागे घेता येऊ लागला. श्रम कमी झाले, पण निर्णयाचे ओझे कमी झाले नाही.

हा निर्णय साहित्याच्या अभ्यासकाला का महत्त्वाचा वाटावा, हे लखनौच्या एका कथेवरून स्पष्ट होईल. प्रेमचंदांची ‘शतरंज के खिलाडी’ ही कथा १९२४ सालची. सत्यजित राय यांनी तिच्यावरून त्याच नावाचा चित्रपट १९७७ साली केला. त्याचे संकलक होते दुलाल दत्त. ‘पथेर पांचाली’पासून ‘आगंतुक’पर्यंत ते रायबरोबर होते. कथा आणि चित्रपट यांची तुलना करताना शेवटातील बदलावर सहसा भर दिला जातो : कथेत मिर्झा आणि मीर एकमेकांना ठार करतात, चित्रपटात ते पुन्हा डाव मांडतात. त्याहून मूलगामी बदल रचनेत आहे. कथेत गोमतीपलीकडच्या ओसाड मशिदीत डाव रंगलेला असताना कंपनीची फौज पकडलेल्या वाजिद अली शाहला घेऊन जाते आणि खेळाडू खेळतच राहतात. इतिहास खेळाडूंच्या नजरेसमोरून जातो आणि त्यांच्या बेफिकिरीवरचे भाष्य निवेदक स्वतः करतो. चित्रपटात बादशहा आणि खेळाडू यांचे दोन स्वतंत्र धागे आहेत. एकीकडे सोंगट्या सरकतात, दुसरीकडे रेसिडेंट आउट्रम आपली चाल रचतो. या दोन डावांतील साम्य पात्रांना उमगत नाही. ते प्रेक्षकाला जाणवते, आणि ते जाणवते कापामुळे. चित्रपटातही निवेदक आहे, पण कथेतील निवेदकाच्या निवाड्याचे बरेचसे काम येथे दृश्यांच्या क्रमाने केले आहे.

क्रमाचे हे सामर्थ्य आणखी एका ठिकाणी पाहता येते. आउट्रम कॅप्टन वेस्टनकडे बादशहाच्या कविता, नमाज आणि नृत्य यांची चौकशी करतो. त्याआधीच प्रास्ताविकात रंगमंचावर कृष्णाची भूमिका करणारा बादशहा आपण पाहिलेला असतो. त्यामुळे आउट्रमच्या प्रश्नांतून बादशहाइतकाच आउट्रमही उघडा पडतो. हीच दृश्ये उलट क्रमाने लावली असती, तर प्रेक्षक बादशहाकडे आउट्रमच्या डोळ्यांनी पाहू लागला असता. संवादातील एकही शब्द न बदलता दृष्टिकोन बदलला असता.

चित्रपटाने वाजिद अलीची इंग्रजांनी रंगवलेली प्रतिमाच पुढे नेली, असा आक्षेप राजबंस खन्ना यांनी १९७८ साली ‘इलस्ट्रेटेड वीकली’त घेतला होता आणि राय यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले होते. हा वाद इतिहास आणि पात्रचित्रण यांच्या भाषेत झाला. परंतु एखाद्या पात्राविषयीची सहानुभूती त्याच्या चेहऱ्यावर दृश्य किती वेळ थांबते आणि त्यानंतर काय येते यावरही अवलंबून असते. हे न पाहता केलेला निवाडा, कोणत्याही बाजूचा असो, पटकथेवरचा निवाडा ठरतो, चित्रपटावरचा नव्हे.

म्हणून तौलनिक अभ्यासकाने संकलकाची पहिली इयत्ता तरी पार करावी. एका प्रसंगातील प्रत्येक काप मोजावा, प्रत्येक दृश्याचा कालावधी लिहावा, ध्वनी चित्राच्या आधी येतो की नंतर हे नोंदवावे. मग त्याच प्रसंगासाठी मूळ कथेत किती वाक्ये खर्ची पडली आहेत ते पाहावे. लेखकाने जेथे एका वाक्यात काळ ओलांडला, तेथे चित्रपट थांबला असेल. जेथे लेखक रेंगाळला, तेथे चित्रपटाने उडी घेतली असेल. रूपांतराचा अर्थ पुष्कळदा या तफावतीत असतो. पाठचिकित्सेत पाठभेदांना जे स्थान आहे, ते रूपांतराच्या अभ्यासात कापांना मिळायला हवे.