बेला कोण होती?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक छोटी चौकट असते. अनोळखी मृतदेह सापडला, वय अंदाजे अमुक, उंची अमुक, हातावर गोंदलेलं आहे, ओळख पटल्यास पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. आपली नजर तिच्यावरून सहज पुढे सरकते. पण मृत्यू खुनाने झाला असेल तर सगळा तपास त्या चार ओळींवर अडून असतो. मेलेलं माणूस कोण हे कळलं, तर ते शेवटचं कुणाबरोबर दिसलं, त्याचं कुणाशी वितुष्ट होतं, हे विचारता येतं. नावच नसेल तर विचारायचं कुणाबद्दल?

इंग्लंडमधली अशीच एक अडलेली गोष्ट आज सांगतो. बर्मिंगहॅमजवळ हॅगली नावाचं रान आहे. १८ एप्रिल १९४३ रोजी चार मुलं तिथे पक्ष्यांची घरटी शोधत हिंडत होती. एका जुन्या एल्म वृक्षाच्या पोकळ खोडात त्यांना कवटी दिसली. जनावराची असेल म्हणून बाहेर काढली, तर तिला केस चिकटलेले आणि दात माणसाचे! रान खाजगी मालकीचं, त्यात ही पोरं चोरून शिरलेली; म्हणून कवटी परत ठेवून गप्प राहायचं ठरलं. त्यांतल्या धाकट्याला मात्र ते पोटात ठेववेना. त्याने घरी सांगितलं.

पोलिसांना खोडात जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. सोबत सोन्याची लग्नाची अंगठी, बूट आणि कपड्यांच्या चिंध्या. हाताची हाडं झाडापासून काही अंतरावर सापडली. बर्मिंगहॅमचे प्राध्यापक जेम्स वेब्स्टर यांनी हाडं तपासली. बाई साधारण पस्तिशीची, उंची सुमारे पाच फूट, केस फिकट तपकिरी, खालचे दात वेडेवाकडे. मृत्यू होऊन निदान दीड वर्ष झालेलं. तोंडात टॅफेटा कापडाचा बोळा कोंबलेला होता, म्हणजे गुदमरून मारल्याचा संशय. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरतं, आणि तसं ताठरलेलं शरीर त्या अरुंद पोकळीत उतरलं नसतं. म्हणून अंगात ऊब होती तेव्हाच तिला आत टाकलं असावं, असं वेब्स्टर यांचं मत पडलं.

नुसत्या हाडांवरून एवढं कळलं, ही त्या काळी मोठीच गोष्ट. तरी नाव मिळालं नाही. दातांचं वर्णन देशभरच्या दंतवैद्यांपर्यंत पोहोचवलं, कुणालाच आठवलं नाही. बेपत्ता बायकांच्या नोंदी चाळल्या. पण काळ महायुद्धाचा! बॉम्बहल्ल्यांत घरंच्या घरं गेलेली, माणसं गाव सोडून पांगलेली. एखादी बाई दिसेनाशी झाली तर शेजारी म्हणणार, गेली असेल कुठे तरी.

तिला नाव मिळालं ते भिंतीवर. १९४४ मध्ये बर्मिंगहॅममध्ये खडूने लिहिलेलं आढळलं, ‘बेलाला विच एल्ममध्ये कुणी टाकलं?’ लिहिणारा कधी सापडला नाही, पण नाव चिकटलं ते कायमचंच. मला खटकतं ते हे, की प्रश्न ‘कुणी टाकलं’ असा आहे. ती कोण, हे लिहिणाऱ्याने विचारलंच नाही, आणि पुढे इतरांनीही फारसं विचारलं नाही.

मग तर्कांना ऊत आला. हाताची हाडं वेगळी पडलेली, म्हणून कुणी चेटूक म्हणालं. (झाडाच्या नावातल्या ‘विच’चा चेटकिणीशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लवचिक.) कुणी तिला जर्मन हेर ठरवलं. १९४१ मध्ये लंडनमध्ये गोळ्या घातलेल्या जोसेफ याकोब्स या हेराजवळ क्लारा बाउएर्ले या गायिकेचं छायाचित्र होतं, तीच ही, अशी कथा बरीच चालली. पण क्लारा डिसेंबर १९४२ मध्ये बर्लिनमध्ये वारली. आणि झाडातली बाई तर वेब्स्टर यांच्या हिशेबाने १९४१च्या ऑक्टोबरपर्यंतच मेलेली. तारखा ताडून पाहिल्या असत्या तर एवढी शाई वाचली असती.

आज अशा प्रकरणात आधी हाडं आणि दात प्रयोगशाळेत जातात. दातांत आणि कानामागच्या घट्ट हाडात डीएनए अनेक दशकं टिकू शकतो. तो लोकांनी स्वतःहून दिलेल्या नमुन्यांशी ताडला, की दूरचं चुलत-मावस नातं लागतं. मग वंशावळीतून मागे जात जात एका घराशी पोहोचता येतं. अमेरिकेत चाळीस-चाळीस वर्षं बेनाव राहिलेल्यांची नावं अशी लागली आहेत.

बेलाच्या बाबतीत मात्र ती वाट बंद आहे, कारण तिची हाडंच हरवली. सांगाडा तपासणीसाठी बर्मिंगहॅमला गेला होता, त्याचा आज थांगपत्ता नाही. पोलिसांनी २००५ मध्ये तपास बंद केला. कागदपत्रं अभिलेखागारात नीट जपलेली आहेत. २०१८ मध्ये कवटीच्या जुन्या छायाचित्रांवरून तिचा चेहराही तयार करण्यात आला. तो पाहून उद्या एखादी नात म्हणाली, ‘ही माझी आजी’, तर तिचा डीएनए ताडून पाहायला एक दातसुद्धा शिल्लक नाही.