परसातली झाडे आणि आपल्या कोंबड्या

कोंबडी मेली की घरात पहिला प्रश्न निघतो, "काय खाल्लं असेल हिनं?" मग सगळ्यांची नजर कुंपणाकडे जाते. तिथे कण्हेर असते. उकिरड्यापाशी एरंड असतो. कोणीतरी कोयता काढतो आणि झाड तोडून टाकतो. चार दिवसांनी आणखी दोन कोंबड्या मरतात. म्हणजे झाडही गेले, अन् कोंबड्याही गेल्या.

तेव्हा कोणते झाड खरोखर वाईट आणि कोणते उगाच बदनाम, ते आपण पाहू.

मोकळी हिंडणारी कोंबडी चोखंदळ असते. ती किडे वेचते, वाळवी खाते, सांडलेले दाणे टिपते. कडू पान ती चोच लावून सोडून देते. पण तिलाच कोंडून उपाशी ठेवली, तर पुढ्यात येईल ते ती टोचते. म्हणून विषारी झाड कुंपणाला उभे असले तरी भीती थोडी. त्याचा छाटलेला पाला खुराड्यात पडला, तर भीती मोठी.

कण्हेरीचे पान, फूल, साल, सगळेच विषारी. हे विष हृदयावर चालते. पान वाळले तरी विष जात नाही. पिवळ्या फुलांची बिट्टी तशीच. आम्हांला कण्हेरीचे फूल फार आवडते, आणि ती तोडा असे आम्ही म्हणणार नाही. मात्र तिची छाटणी केली की फांद्या उचलून दूर पुराव्यात.

एरंडाचे विष बियांत असते. तेलात ते उतरत नाही, पेंडीत राहते. म्हणून एरंडीची पेंड शेतात खत म्हणून घालावी, कोंबड्यांपुढे टाकू नये. लाल-काळी गुंजही विषारी. तिची साल कडक असते, पण कोंबडीच्या पेट्यात खडे असतात आणि ते दाणे दळतात. गुंजेचा वेल पोरांच्या दृष्टीनेही वाईटच. धोतऱ्याचे बी धान्यात मिसळून येते. दाणे टाकण्याआधी चाळून घ्यावेत.

घरातल्याही काही वस्तू वाईट आहेत. हिरवा पडलेला बटाटा आणि त्याचे मोड टाकू नयेत. कच्चा राजमा टाकू नये. बुरशी आलेला भुईमूग आणि मका तर मुळीच नको. 1960 साली इंग्लंडात एक लाखावर टर्की पक्षी मेले. ते का मेले, हे आधी कोणाला कळेना. शेवटी शोध लागला, की त्यांच्या खाद्यातल्या भुईमुगाच्या पेंडीला बुरशी लागली होती. "माणसांना चालत नाही, कोंबड्यांना चालेल," असे आपण सहज म्हणतो. ते खरे नाही.

सुबाभळीचे थोडे वेगळे आहे. तिच्या पाल्याने अंड्याचा बलक छान पिवळा होतो. पण पाला जास्त झाला तर पिलांची वाढ खुंटते, अंडी कमी होतात. शंभर भाग खाद्यात वाळल्या पाल्याचे पाच भाग, त्यापुढे जाऊ नये.

शेवगा, तुती, पेरू, आंबा ही झाडे बेलाशक लावा. शेवग्याचा पाला कोंबड्या आवडीने खातात. आणि सावली ही काही चैन नव्हे. कोंबडीला घाम येत नाही. उन्हाळ्यात ती चोच उघडून धापा टाकते, आणि सावली नसेल तर उन्हानेच मरते.

आता खरा चोर कोण ते पाहा. पुष्कळदा तो मानमोडी रोग असतो. कोंबडी मलूल होते, हिरवट पातळ हगते, मान वाकडी करते. एक मेली की दुसरी आजारी पडते. त्याला झाड काय करणार? त्यावर लस आहे. जनावरांच्या दवाखान्यात विचारून ती पिलांना वेळेवर टोचून घ्यावी.

आणि चांगल्या धडधाकट पाच-सहा कोंबड्या एकाच दुपारी पटापट मेल्या, तर घरात कोणी काय सांडले ते आधी शोधा. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेले बी ओट्यावर राहते. ते गुलाबी नाहीतर लाल दिसते. उंदराचे औषध, फवारणीचा डबा, याही वस्तू पाहाव्यात. बियाण्याची रिकामी पिशवी झटकायची ती अंगणात नको.

अशी मेलेली कोंबडी खाऊ नये, कुत्र्याला घालू नये, ओढ्यात फेकू नये. गावात पुष्कळ कोंबड्या एकदम मरू लागल्या, तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता, तो असाच कोंबड्यांच्या मरण्यावरून कळला. डॉक्टर पाहून गेले की ते सांगतील तसा खोल खड्डा करून, वर चुना टाकून, मेलेल्या कोंबड्या पुराव्यात. खड्डा विहिरीपासून लांब असावा.