‘डोकं वर आलं, साहेब’

पहाटे पावणेसहा

ऑक्टोबरात या वेळी पुण्यात अंधारच असतो. मी गोल्फ शिकवतो त्या रेंजवर पोचतो तेव्हा चेंडू वेचणारी पोरं आदल्या दिवसाचे शेवटचे चेंडू धुऊन बादल्यांत भरत असतात. त्यांच्यातला चहा मला आयता मिळतो. कप संपेपर्यंत मी गवताच्या पट्टीवर दोरी लावून घेतो. पावसानंतर गवत दाट झालेलं असतं, पण शिकवायची जागा रोज हातभर सरकवली तरच ते टिकतं. रेंजवर हिरव्या मॅट आहेत, तरी नवशिक्याला मी शक्यतो त्यांवर उभं करत नाही. मॅटवर क्लब चेंडूच्या मागे चार बोटं आपटला तरी घसरत पुढे जातो आणि चेंडू बऱ्यापैकी उडतो. गवतावर तोच फटका मातीत रुततो. मॅटवर बादल्याच्या बादल्या मारून खूश झालेला माणूस पहिल्यांदा कोर्सवर उतरतो आणि नऊ होलांत खचून परत येतो. ‘अचानक स्विंग गेला,’ म्हणतो. गेला कुठे? तो पहिल्यापासून तसाच होता, मॅटने झाकून ठेवला होता.

साडेसहा

पहिले शिष्य बँकेतून निवृत्त झालेले. आम्ही दोघंही एकमेकांना ‘सर’ म्हणतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला कोण कुणाला शिकवतंय ते कळत नाही. त्यांचं दुखणं बहुतेक हौशी खेळाडूंचंच आहे. ड्रायव्हरने मारलेला चेंडू बरा निघतो आणि पुढे जाऊन उजवीकडे वळत झाडीत शिरतो. हाच तो स्लाइस.

त्यावर सरांनी स्वतःच एक उपाय शोधला होता. चेंडू उजवीकडे जातो ना, मग आपण डावीकडे तोंड करून उभं राहायचं. ऐकायला बरोबर वाटतं. पण पाय आणि खांदे डावीकडे वळले की क्लबही बाहेरून आत, डावीकडे ओढला जातो. चेंडू निघतो तो मुख्यतः क्लबचं तोंड जिकडे असेल तिकडे, आणि वळतो तो तोंडाची दिशा व क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. मार्ग डावीकडे आणि तोंड त्यापेक्षा उजवीकडे उघडं, की चेंडूला उजवी फिरकी लागलीच. म्हणजे सर जितके डावीकडे वळणार तितका स्लाइस वाढणार, आणि स्लाइस वाढला की सर आणखी डावीकडे वळणार. परवा ते जवळजवळ शेजारच्या खेळाडूकडे बघत उभे होते, आणि तो बिचारा जागा बदलून गेला.

आज उभं राहण्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या मार्करने चेंडूवर जाड ठिपका काढला, ठिपक्याची बाजू क्लबकडे करून चेंडू टीवर ठेवला आणि म्हटलं, मारा. फटक्यानंतर ड्रायव्हर उलटा करून पाहिला. शाई मधोमध नव्हती, टाचेकडे, दांड्याच्या बाजूला उमटली होती. पुसलं, दुसरा चेंडू. पुन्हा तिथेच. तिसराही तिथेच. ड्रायव्हरच्या टाचेवर लागलेल्या चेंडूला आणखी उजवी फिरकी लागते. सर चष्मा वर करून बराच वेळ त्या निळ्या डागाकडे बघत राहिले.

मग डाव्या हाताची पकड थोडी उजवीकडे फिरवली, वरून बघताना मुठीची दोन हाडं दिसतील इतकी. नवी पकड सगळ्यांनाच परकी वाटते, त्यांनाही वाटली. काम एकच दिलं: शाई मधोमध उमटवा, चेंडू कुठे जातो ते माझ्यावर सोडा. पाऊण तासाच्या शेवटी चेंडू वळत होताच, पण पूर्वीच्या निम्मा. एक फटका बराच बाहेर गेला तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, “हा टाचेवर लागला.” आणि क्लब उलटा करून बघितला. टाचेवरच होता.

आजच्या तासाची कमाई म्हणाल तर एवढीच, आणि ती थोडी नाही. ‘व्वा, छान’ ऐकून आलेला आत्मविश्वास पुढच्या वाईट फटक्यापर्यंत पुरतो. वाईट फटका का गेला हे ज्याचं त्याला कळलं की तो घाबरत नाही, पुढचा चेंडू टीवर ठेवतो.

साडेसात

पुढची शिष्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, दहाच्या मीटिंगआधी तिला हिंजवडी गाठायची असते. रेंजवर तिचा स्विंग देखणा पडतो. पहिल्या टीवर, क्लबहाउसच्या व्हरांड्यातून चार जण चहा पीत बघत असले की तोच स्विंग अर्धा होतो. म्हणून आजचा तास कोर्सवर.

पहिलाच चेंडू टॉप झाला, गवतातून सरपटत चाळीस यार्ड गेला. कॅडीने लगेच निदान केलं, “डोकं वर आलं, मॅडम.” साहेब असोत की मॅडम, आपल्याकडच्या कुठल्याही कोर्सवर हे वाक्य दिवसभर ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. मी बाजूने बघत होतो. तिची नजर चेंडूवरच होती. चेंडू ‘उडवायच्या’ घाईत कोपरं अंगाकडे ओढली गेली, छाती वर गेली, क्लब चेंडूच्या माथ्यावर लागला. डोकं हललं ते सगळ्यात शेवटी. अशा माणसाला ‘डोकं खाली ठेवा’ सांगितलं की तो हनुवटी छातीत खुपसतो, खांदे फिरेनासे होतात आणि पुढचा फटका आणखी वाईट येतो. सात नंबरच्या आयर्नचं तोंड तीस-बत्तीस अंश मागे झुकलेलं असतं. चेंडू उडवायचं काम त्या उताराचं आहे. खेळणाऱ्याने क्लब खाली, चेंडूच्या पुढच्या गवतापर्यंत जाऊ द्यायचा.

कॅडीला मी तोडून बोलत नाही. आपल्याकडचं गोल्फ या लोकांनी बघून बघून शिकलेलं आहे. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीतला कॅडी होता. २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं तीच स्पर्धा जिंकणारा चौरासिया कोलकात्यातल्या एका माळ्याचा, ग्रीन राखणाऱ्याचा मुलगा. त्यांची नजर फार तयार असते. फक्त दिसलेलं सांगायला त्यांच्याकडे एकच वाक्य ठेवलं गेलंय.

दुसऱ्या होलवर मी तिच्या पिशवीतला ड्रायव्हर माझ्या खांद्यावर घेतला आणि हिशेब मांडला. होल ३६० यार्डांचा, पार चार, म्हणजे अपेक्षित फटके चार. तिचा सात नंबर १२० यार्ड जातो. तीन फटके सात नंबरचे, मग ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवायचे दोन फटके, म्हणजे पट, झाले पाच. तिचा हँडिकॅप ३६, म्हणजे ढोबळ मानाने होलमागे दोन फटक्यांची सूट. पाच वजा दोन, तीन. पारपेक्षा एक कमी.

“पण हे तर चीटिंग झालं, सर,” ती म्हणाली.

चीटिंग कसली! २०२० पासून जगभर हँडिकॅपची एकच पद्धत लागू आहे आणि तिच्यात ५४ पर्यंत हँडिकॅप मिळतो, म्हणजे होलमागे तीन फटके. नियम नवशिक्याला इतकं सांभाळून घेतो, पण नवशिक्या स्वतःला टीव्हीवरच्या खेळाडूच्या पारने मोजतो आणि प्रत्येक होलवर नापास होतो. ती सहा मारून आली, एक पट जास्त लागला. हँडिकॅपनंतर चार, बरोबर पार. तिसऱ्या टीवर खांदे उतरले होते, श्वास नीट सुटत होता, आणि मी स्विंगबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता.

नऊ

पटिंग ग्रीनवर एक डॉक्टर. पाच फुटांचा पट चुकला की स्वतःवर चिडतात, ओपीडीत कधी इतके चिडत नसावेत. त्यांना मी आकडे देतो, कारण त्यांचा आकड्यांवर विश्वास आहे. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे व्यावसायिक आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, आणि पाच फुटांवरून चेंडूची दिशा दोन अंशांनी चुकली की तो काठावर जातो. दोन टी जमिनीत रोवायच्या, पटर जेमतेम मधून जाईल इतक्या अंतरावर, आणि फटका त्या फटीतून. पटर टीला लागला तर खट्ट आवाज येतो, मला बोलावं लागत नाही. पार ७२ च्या हिशेबात ३६ पट धरलेले असतात. तरी बादलीतले नव्वद टक्के चेंडू लोक ड्रायव्हरने मारतात, डॉक्टरही त्यांतलेच.

अकरा ते तीन

ऑक्टोबर हीट. शिकवणं बंद, दुकान सुरू. ग्रिप बदलायचं काम मी दुपारी करतो. जुनी ग्रिप आकडी सुरीने कापायची, दांडा खरवडून दुहेरी चिकटपट्टी लावायची, तीवर टर्पेंटाइन ओतायचं आणि नवी ग्रिप एका दमात सरकवायची. मध्ये थांबलात तर ती तिथेच बसते.

कापण्याआधी जुनी ग्रिप मी नीट बघून घेतो. डाव्या अंगठ्याखाली खड्डा पडला असेल तर तो माणूस क्लब आवळून धरतो. तळहाताच्या टाचेखाली झिजली असेल तर स्विंगच्या वरच्या टोकाला त्याचा क्लब हातात सैल होऊन घासतो. मालक समोर नसला तरी पुढच्या तासाला काय बघायचं ते इथेच ठरतं. आणखी एक. घामाने आणि धुळीने ग्रिप गुळगुळीत होते, मग ती घसरेल या भीतीने माणूस आवळतो, आवळली की मनगटं आणि खांदे आखडतात. साबणाच्या पाण्याने ग्रिप धुवायला पाच मिनिटं लागतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत खेळणाऱ्यांनी तर हे दर आठवड्याला करावं.

डब्यानंतर सकाळचे व्हिडिओ. मोबाइल हाताच्या उंचीवर, स्थिर आणि रोज त्याच जागी असेल तरच त्याचा उपयोग, एरवी कोन बदलला की चांगला स्विंगही वाकडा दिसतो. चेंडू आणि क्लब एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाच्या दोनहजाराव्या भागापुरते. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या मोबाइलमध्येही तो क्षण क्वचितच सापडतो. खाली येणारा क्लब चेंडूपर्यंत पाव सेकंदात पोचतो, तेवढ्यात कुठला विचार करणार? तरी लोक मोबाइलवर सल्ले बघून चार-चार सूचना डोक्यात घेऊन येतात, कोपर, मनगट, गुडघा, कंबर. १९९९ मध्ये गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांवर एक प्रयोग केला होता. हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलेल्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलेल्यांचे पिच, म्हणजे छोटे उंच फटके, लक्ष्याच्या जास्त जवळ पडले. म्हणून मी शिष्याला व्हिडिओ सहसा पाठवत नाही. बघतो मी, आणि सांगतो एक गोष्ट.

चार

शाळेतून थेट आलेली मुलं. त्यांना आत्मविश्वास शिकवावा लागत नाही, तो टिकवावा लागतो, आणि धोका जाळीमागच्या खुर्च्यांवर बसलेला असतो. एका वडिलांनी स्वतःचे जुने क्लब कापून मुलाला दिलेत. कापलेला क्लब आखूड होतो, फारसा हलका होत नाही, आणि दांडा उलट जास्त ताठ होतो. आठ वर्षांचं पोर तो हलवायला सगळं अंग फेकतं, मग वडील म्हणतात, “बॅलन्स नाही याला.” मी माझ्याकडचा लहान मुलांचा क्लब त्याच्या हातात दिला. बॅलन्स आला.

दुसऱ्या एका वडिलांना लांबीची घाई. त्यांना मी अदिती अशोकचं उदाहरण देतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं, आणि मैदानातल्या लांब मारणाऱ्यांत तिची गणना नव्हती. ती ग्रीनवर खेळली. वडिलांनी मान हलवली आणि पुढच्याच चेंडूला ओरडले, “जोरात!”

सहानंतर

दिवे लागतात, ऑफिसं सुटतात, रेंजवर रांग. शंभर चेंडूंची बादली, एकच ड्रायव्हर, वीस मिनिटं. हा व्यायाम आहे, याला माझा विरोध नाही. पण कोर्सवर तोच फटका लागोपाठ दोनदा मारायला मिळत नाही. म्हणून माझ्या तासाच्या मुलांना (चाळिशीतल्यांनाही मी मुलंच म्हणतो) तीस चेंडू देतो. प्रत्येक चेंडूला क्लब बदलायचा, लक्ष्याचा खांब नवा निवडायचा, मागे जाऊन उभं राहायचं, श्वास सोडायचा, मग मारायचं. फटके पडताना वाईट दिसतात, कारण हात बसायच्या आत क्लब बदललेला असतो. शेजारचा तिकडे सलग वीस झकास ड्राइव्ह मारतो आणि आमच्याकडे कीव आल्यासारखा बघतो. रविवारी कोर्सवर भेटू या, म्हणावं.

साडेआठला दिवे बंद. वहीत प्रत्येक नावापुढे उद्यासाठी एक ओळ. सरांच्या नावापुढे लिहिलं: अजून उभं राहण्याबद्दल बोलायचं नाही.

तुम्हाला शिकायला यायचं असेल तर आधी सेट घेऊ नका. नियमाने पिशवीत जास्तीत जास्त चौदा क्लब चालतात, पण पहिले काही महिने एक सात नंबर आणि एक पटर पुरतो, आणि तेही रेंजवर भाड्याने मिळतात. रबरी तळव्याचे साधे बूट चालतील. सकाळी या, जमीन मऊ असते. आणि तुम्हाला गोल्फ समजावून सांगणाऱ्या मित्राला बरोबर आणू नका.