चौथा सिलेंडर

"बंद कर. आधी बंद कर." मिस्त्री दोन्ही हात वर करून ओरडतात. ड्रायव्हर इंजिन बंद करतो. मागे पांढऱ्या धुराचा लोट उरतो, डोळ्यांना झोंबणारा, न जळलेल्या डिझेलच्या वासाचा.

खोपोलीच्या शीळफाट्याजवळच्या या गॅरेजमध्ये पाऊस सकाळपासून थांबलेला आहे, तरी पत्र्यावरून थेंब पडताहेतच. समोर बोरघाटाचा डोंगर. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी १९१५ पासून पाईपांतून या डोंगरावरून खाली येतं, वीज करतं आणि पाताळगंगेला मिळतं. घाट चढण्याआधी गाडी तपासायची किंवा उतरल्यावर दुरुस्त करायची, म्हणून या पायथ्याशी मिस्त्री मंडळींची वस्ती.

गाडी आहे जुनी टाटा १६१३, नाक पुढे असलेली, बॉनेटवाली. परवा रात्री कर्जतहून निघाली. दहिवलीच्या पुढे रस्त्यावर पाणी होतं, ड्रायव्हरने अंदाजाने घातली आणि मधोमध बंद पडली. उल्हास नदी चढली की अंदाज चालत नाही. २७ जुलै २०१९ ला याच नदीच्या पुराने महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडवून ठेवली होती, हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. तिथे एका ट्रकची काय कथा. दुसऱ्या दिवशी तो टोचन करून पळसदरीमार्गे इथे आणला.

काल दिवसभराचं काम मिस्त्री मला हातवारे करत सांगतात. आधी बॅटरीची वायर काढली, म्हणजे चुकूनही कोणी सेल्फ मारायला नको. मग ऑइल चेंबरचा प्लग ढिला केला. रात्रभर गाडी उभी होती, त्यामुळे जड पाणी तळाशी बसलेलं. आधी पाणी आलं, मग दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं ऑइल. सहाही नोझल काढून इंजिन हाताने फिरवलं, तर दोन भोकांतून पिचकारी उडाली. एअर क्लीनरचा कागद लगदा झालेला. सगळं धुतलं, पुसलं, नवं ऑइल भरलं, डिझेल टाकी उपसली. आज सकाळी पहिल्यांदा चालू केली, आणि गाडी मिसिंग करतेय.

"डिझेलात पाणी राहिलं असणार," ड्रायव्हर म्हणतो. मराठवाड्याकडचा तरुण पोरगा आहे, डोळे लाल. मिस्त्री मान हलवतात, म्हणजे शक्य आहे. त्यांच्या हाताखालचा बारक्या फिल्टरखालचा ड्रेन उघडतो, बाटलीत धरतो. खरंच, तळाशी पाण्याचा थर आहे, वर डिझेल. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर लगेच उजेड पडतो. दोष सापडला!

पाणी काढतात, फिल्टर बदलतात. बारक्या हँड पंप मारत राहतो, मिस्त्री बोल्ट ढिला करून एअर काढतात. बुडबुडे थांबून नितळ डिझेल आल्यावर बोल्ट आवळतात. गाडी पुन्हा चालू. धूर कमी झालाय, आवाजही सुधारलाय, पण ठोक्यांच्या ओळीत एक जागा रिकामी आहे. ती माझ्यासारख्यालाही ऐकू येते.

मला इथेच या माणसाबद्दल आदर वाटू लागतो. एक दोष हाती लागला की त्यावरच सगळं ढकलून मोकळं होण्याचा मोह मोठा असतो, आणि ड्रायव्हरला तर तो हवाच आहे. मिस्त्री त्याच्याकडे पाहतही नाहीत. पाना घेऊन बंपरवर चढतात.

"आता एकेकाला विचारू," म्हणतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि त्या उष्णतेतच फवारलेलं डिझेल पेटतं. म्हणजे दाब गेला की आग गेली. कुठला सिलेंडर पेटत नाही ते शोधण्याची इथली रीत सोपी आहे: चालू इंजिनात एकेका नोझलच्या पाईपाचा नट ढिला करायचा. तिथलं डिझेल बाहेर ठिबकतं, तेवढा सिलेंडर बंद होतो. तो आधी काम करत असेल, तर इंजिन लगेच दबतं. हात मात्र लांब आणि नटावर फडकं, कारण दाबाने निघालेलं डिझेल कातडीतून आत शिरतं. कॉमन रेल असलेल्या नव्या गाड्यांवर ही रीत कुणी करून पाहू नये. तिथला दाब हजार बारच्या पुढचा, तिथे स्कॅनर लावायचा.

रेडिएटरकडून पहिला नट. इंजिन दबतं, थरथरतं. आवळल्यावर सावरतं. दुसरा, तसंच. तिसरा, तसंच. चौथा ढिला होतो, फडक्यात डिझेल भिजतं, आणि इंजिनाला काही फरकच पडत नाही. मिस्त्री पुन्हा आवळतात, पुन्हा ढिला करतात. फरक नाही. तरी पाचवा आणि सहावा तपासतातच. ते दोन्ही ठीक.

"नोझल गेला चौथ्याचा," बारक्या सांगतो.

"बघू ना. चौथ्याचा पाचव्याला लाव, पाचव्याचा चौथ्याला."

अदलाबदल होते. नोझल खराब असता तर मिसिंग पाचव्यावर गेलं असतं. ते चौथ्यावरच राहतं. पंपाकडून डिझेल येतंय, ते तर फडक्यावरच दिसलं. झडपा उरल्या. इंजिन बंद करून फिलर गेजने टॅपेटची फट पाहतात, ती बरोबर आहे. मग नोझलच्या भोकांत कॉम्प्रेशन गेज बसतो. बाकीचे पाच २६-२७ किलो दाखवतात. चौथा, १८.

आता मिस्त्री बोलत नाहीत. भिंतीवरची एक सरळ सळई काढतात, पुसतात, पहिल्याच्या भोकातून पिस्टनवर टेकवतात. बारक्या इंजिन हाताने हळूहळू फिरवतो, सळई वर येते, थांबते, खाली जायला लागते. सर्वांत वरच्या जागी मिस्त्री तिच्यावर खूण करतात. चौथ्यात तीच सळई, तीच खूण. ती भोकाच्या कडेपर्यंत येतच नाही. स्केल लावतात. ३ मिलिमीटर कमी.

"खरं सांग," ते ड्रायव्हरला विचारतात, आवाज अजिबात न चढवता. "पाण्यात बंद पडल्यावर सेल्फ मारलास?"

पोरगा खाली बघतो. "मारला, काका. मागून पाणी वाढत होतं. दोनदा मारला. दुसऱ्यांदा खट् करून अडकला."

हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, वर पाणी, जायला जागा नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. वाकला की आखूड होतो, आणि पिस्टन पूर्वीइतका वर पोचत नाही. "चालू गाडीने पाणी ओढलं तेव्हाच वाकला की सेल्फने, ते आता कोण सांगणार," मिस्त्री म्हणतात. पोराच्या खांद्यावर हात ठेवतात. मला वाटतं, त्या हाताची त्याला परवापासून गरज होती.

मालकाचा फोन येतो, मिस्त्री स्पीकरवर टाकतात. मालकाचा हिशेब सरळ आहे: पाच सिलेंडरवर गाडी चालतेय ना? पुण्यापर्यंत येऊ दे, इथे बघून घेऊ.

"शेठ, वाकलेला रॉड घाटात तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येईल. इंजिन जाईलच, आणि चढावर गाडी बंद पडली तर मागच्याचं काय? मी टोचन लावून देतो, चालवत नाही देणार."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग खर्च विचारला जातो, दिवस विचारले जातात. शेवटी होकार येतो. बारक्या रेडिएटरचं पाणी सोडायला बादली सरकवतो, ड्रायव्हर न सांगता पाने गोळा करतो. हेड उतरवायचं, चेंबर काढायचा, चौथा पिस्टन रॉडसकट बाहेर.

"बाकीचे पाच तरी चांगले आहेत ना?" मालक विचारतात.

"पाचांचं कॉम्प्रेशन चांगलं आहे. पण पाणी दोन भोकांतून आलं होतं, शेठ. एक चौथ्या सिलेंडरचं, दुसरं दोन नंबरच्या सिलेंडरचं. तोही रॉड काढून मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."