बाटलीवरची चिठ्ठी

अमृतधारेची बाटली ठाऊक नाही, असे जुने मराठी घर आमच्या इंदुरात विरळाच. डोके दुखो वा नाक चोंदो, पहिला हात जातो तो तिच्याकडेच. आमच्या घरी ती करण्याचे काम वडिलांकडून आमच्याकडे आले.

कृती सोपी आहे. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल प्रत्येकी १० ग्रॅम घ्यावे. सियागंजात मात्र ‘पिपरमेंट’ आणि ‘सत अजवायन’ म्हणून मागावे लागते. तिन्ही जिन्नस कोरड्या काचेच्या बाटलीत घालून बूच लावावे व अधूनमधून हलवावे. पाणी नको, विस्तवही नको. एकटा कापूर वितळायला १७० अंशांहून अधिक उष्णता लागते. पण हे तिघे एकत्र आले की एकमेकांचा द्रवणांक उतरवतात आणि नुसत्या सहवासाने त्यांचे पाणी होते.

एका हिवाळ्यात ही अमृतधारा आम्ही गुलाबपाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरली. चिठ्ठी उद्या लावू, असे म्हटले. त्याच रात्री मातोश्रींचे डोळे चुरचुरू लागले. वीज गेलेली, आमचे नाक सर्दीने बंद. आम्ही बाटली उचलली आणि त्यांच्या डोळ्यांत दोन थेंब टाकले!

त्यांची ती किंकाळी आम्ही विसरणार नाही. डोळे पाण्याने सतत धूत राहिलो, मग डॉक्टरांकडे धावलो. दैवाने दृष्टी वाचली. घरी परतल्यावर मातोश्री एवढेच म्हणाल्या, “शाळेतल्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावतोस, घरच्यांना कोण लावायचे रे?”

तेव्हापासून आमचे नियम ठरले आहेत. बाटली काचेचीच असावी. हा अर्क प्लास्टिक आणि रबर खातो. बूच घट्ट असावे, नाहीतर औषध उडून जाते. ती अंधाऱ्या, थंड जागी, देवघरातल्या दिव्यापासून दूर आणि मुलांचा हात न पोचेल अशी ठेवावी. थोडाही कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ तर ही बाटली मुळीच नेऊ नये. मोठ्यांनीही ती बाहेरूनच, खोबरेल तेलात एकदोन थेंब मिसळून वापरावी.

आणि चिठ्ठी? नाव, घटक, केल्याची तारीख आणि ‘डोळ्यांत व पोटात नको’ हा इशारा. आमच्या घरी तो मराठीत आणि हिंदीत, ठळक अक्षरांत लिहितात. अक्षर मातोश्रींचे आहे. ते काम त्यांनी आमच्यावर पुन्हा सोपवलेले नाही.