विश्लेषण : वाळवंटातल्या किल्ल्याला बाथरूम का पेलवत नाहीत? जैसलमेरचा पेच नेमका काय?

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की महाराष्ट्रातून राजस्थानच्या सहली सुरू होतात आणि त्यात जैसलमेर असतेच. 'सोनेरी किल्ल्याच्या आत मुक्काम, गच्चीवरून सूर्यास्त, अटॅच बाथरूम, २४ तास गरम पाणी' अशी जाहिरात वाचून बुकिंग होते. या जाहिरातीतले शेवटचे दोन मुद्दे किल्ल्याला महागात पडत आहेत. शतकानुशतके वाळूची वादळे आणि वेढे सोसलेला हा किल्ला गेल्या काही दशकांत आतून ओला होत आहे. या पाण्याचा मोठा वाटा पावसाचा नाही, घराघरांतल्या मोऱ्या, संडास आणि गिझरचा आहे.

किल्ला उभा कशावर आहे?

रावळ जैसल याने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधला. टेकडी भोवतालच्या मैदानापासून साधारण ७५ मीटर उंच आहे. आपल्या सह्याद्रीतले गड काळ्या कातळावर उभे आहेत. त्यावर कितीही पाऊस कोसळला तरी कातळ विरघळत नाही की फुगत नाही. त्रिकूट टेकडी मात्र गाळाच्या खडकाची आहे. ठिसूळ वालुकाश्म आणि त्यात चिकणमातीचे थर. कोरडी चिकणमाती दगडासारखी घट्ट राहते. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि तिच्यावरचा भार सरकू लागतो.

जैसलमेरमध्ये वर्षभरात पडणारा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास असतो. मुंबईत जुलैमधल्या एखाद्या दिवशी तेवढा पडतो. त्यामुळे बांधणाऱ्यांचा हिशोब चुकला असे म्हणता येणार नाही. वर्षातून मोजक्या वेळा येणारे पाणी चारही दिशांना झटपट टेकडीखाली उतरावे यासाठी किल्ल्यात 'घूट नाली' नावाची व्यवस्था होती. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी वाहून नेणे हे तिचे काम कधीच नव्हते.

पाणी वर चढले कधी?

शहराची तहान आधी गडीसर तलाव भागवत असे. बायका डोक्यावर घडे घेऊन पाणी वर आणत. असे आणलेले पाणी कोणी मोरीत सोडत नाही. भांडी वाळूने घासली जात, अंघोळीचे पाणी जनावरांना किंवा झाडाला जाई. १९६० च्या दशकात नळ आले. पुढे इंदिरा गांधी कालव्याने सतलज-बियासचे पाणी या जिल्ह्यापर्यंत आणले. १९७४ मध्ये सत्यजित राय यांचा 'सोनार केल्ला' हा चित्रपट आला. आधी बंगाली आणि मग जगभरचे पर्यटक किल्ला पाहायला येऊ लागले. जुन्या घरांची गेस्ट हाउस झाली आणि खोलीगणिक बाथरूम आली.

यातले गणित सोपे आहे. मलनिस्सारण असलेल्या शहरांसाठी आपल्याकडे माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरले जाते. १० खोल्यांच्या गेस्ट हाउसमध्ये २० पाहुणे म्हणजे रोजचे २,७०० लिटर. १५ लिटरचा एक हंडा धरला तर १८० हंडे. हे सगळे पंपाने टेकडीवर चढवायचे आणि वापरून झाले की पुन्हा खाली उतरवायचे.

खाली उतरण्यातच घोळ आहे. आधी हे पाणी गल्लीतल्या उघड्या गटारांतून जात असे. १९९० च्या दशकात भुयारी गटार टाकले गेले, पण अरुंद गल्ल्यांत टाकलेल्या या वाहिन्यांचे सांधे गळू लागले. उघडे गटार तुंबले तर निदान दिसते. भुयारी वाहिनी गळली तर ते पाणी सरळ टेकडीच्या पोटात जाते आणि वर फरशी कोरडीच राहते.

परिणाम लपून राहिले नाहीत. १९९६ मध्ये 'वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड'ने जैसलमेरचा किल्ला जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातला. किल्ल्यातल्या राणीच्या महालाचा काही भाग ढासळला होता. 'इंटॅक' आणि या फंडाच्या पुढाकाराने तो पुन्हा उभा केला गेला. २०१३ मध्ये राजस्थानातल्या आणखी पाच डोंगरी किल्ल्यांसोबत त्याला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तरी ऑगस्ट २०२४ च्या मुसळधार पावसात तटबंदीचा एक भाग कोसळलाच.

जुन्या घरात बाथरूम काढायचे तर अडचण काय?

पहिली अडचण भिंतीची. इथल्या अनेक जुन्या इमारतींत दगड चुना-सिमेंटशिवाय एकमेकांत बसवले आहेत आणि जागोजागी लोखंडी पट्ट्यांनी जखडले आहेत. कोरड्या हवेत लोखंड टिकते. भिंतीत ओल आली की ते गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे पट्टी आतूनच दगड फोडते. वर हा पिवळा दगड पाणी शोषणारा आहे. दिव्याच्या वातीत तेल चढावे तशी ओल त्यातून वर चढते. पृष्ठभागावर पाणी उडून जाते, पण त्यातले क्षार दगडाच्या छिद्रांत साचून स्फटिक बनतात आणि दगडाचा पापुद्रा सुटू लागतो. यालाच आपण 'लोणा लागला' म्हणतो. हवा जितकी कोरडी, तितके हे चक्र वेगाने फिरते.

दुसरी अडचण छताची. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे माळवदाची घरे पाहिली असतील त्यांना हे लगेच कळेल. तुळया, त्यावर काटक्या किंवा बोरूची चटई आणि वर मातीचा जाड थर. ४५ अंशांच्या उन्हात खोली गार ठेवायला यासारखे छप्पर नाही. पण गच्चीचा नजारा विकायचा म्हणून वरच्या मजल्यावर बाथरूम काढले, की गळणारे पाणी या मातीत मुरते. ओल्या मातीचे वजन वाढते आणि तुळईचे टोक भिंतीत असते तिथेच कुजू लागते. छताची दुरुस्ती म्हणून वर सिमेंट काँक्रीटचा थर ओतणे हा त्याहून वाईट उपाय. जुन्या तुळयांवर नवा भार येतो आणि आतली ओल बाहेर पडायची वाटही बंद होते.

भिंतीलाही हाच नियम लागू होतो. लोण्याचे डाग दिसू नयेत म्हणून सिमेंटचा गिलावा मारला की वर्षभर बरे दिसते. ओल मात्र गिलाव्यामागे अडकून आणखी वर चढते. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. तो नरम असल्याने आधी स्वतः झिजतो आणि दगड वाचतो. झिजला की पुन्हा करायचा. हे कंटाळवाणे काम आहे, पण जुन्या दगडी घराची देखभाल अशीच असते.

मग शहाणपणाचे बाथरूम कसे असेल? शक्यतो तळमजल्यावर, गटाराच्या चेंबरला जवळ असलेल्या बाजूला. दोन मजल्यांवर हवेच असेल तर एकावर एक, म्हणजे सांडपाण्याची वाहिनी सरळ उभी उतरेल. पाइप भिंतीत खाचा मारून गाडायचे नाहीत, क्लॅम्प लावून बाहेरून न्यायचे. दिसायला ओबडधोबड, पण गळती त्याच दिवशी कळते. टाइल्स थेट जुन्या दगडावर चिकटवण्यापेक्षा थोडी पोकळी सोडून पातळ वेगळा पडदा उभारून त्यावर लावलेल्या बऱ्या. फरशीखाली वॉटरप्रूफिंग केल्यावर पाणी साठवून चाचणी घ्यायचीच, मात्र माळवदावर ती करण्याआधी खालचे छत तेवढा भार पेलेल का हे तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचे. अर्धा आणि पूर्ण असे दोन फ्लश असलेली टाकी हवी. आणि शॉवरऐवजी बादली-मग. यात गंमत नाही. जोरदार शॉवर १० मिनिटांत १०० लिटर सहज ओततो, बादलीत माणूस २० लिटरमध्ये अंघोळ उरकतो.

एक सूचना महाराष्ट्रातल्या घरांसाठीही. जैसलमेरचा पिवळा दगड पुण्या-मुंबईच्या घरांतही वापरला जातो. बोलीभाषेत त्याला वालुकाश्म म्हणतात, पण बांधकामात प्रसिद्ध असलेला हा दगड मुख्यतः चुनखडीचा आहे. संडास साफ करायचे ॲसिड त्यावर पडले की फेस येतो आणि दगडच खाल्ला जातो. पाण्याचे पांढरे डाग घालवायच्या नादात अनेकांनी आपली फरशी अशीच खरवडली आहे.

परवानगी कोणाची लागते?

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे, आतली बरीच घरे मात्र खासगी आहेत. प्राचीन स्मारक कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रित. निषिद्ध क्षेत्रात १६ जून १९९२ पूर्वीच्या इमारतीची दुरुस्ती करायची तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. दुरुस्ती आणि वाढीव बांधकाम यांतली रेषा इथे महत्त्वाची ठरते. जुन्या मोरीची फरशी बदलणे ही दुरुस्ती, गच्चीवर नवी खोली काढून त्यात संडास बसवणे हे बांधकाम. गटारे आणि सार्वजनिक शौचालये मात्र कायद्याने 'बांधकामा'च्या व्याख्येतून वगळली आहेत. म्हणजे गल्लीतली वाहिनी बदलायला हा अडसर नाही.

किल्ल्याबाहेरच्या नव्या घरांत तरी सगळे सोपे आहे का?

पाया हलण्याची भीती नाही, एवढेच. काँक्रीटच्या घरांचा शत्रू उष्णता आणि खारे पाणी. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असल्याने शॉवरची भोके बुजतात आणि गिझरच्या कॉइलवर थर साचून विजेचे बिल वाढते. असेच पाणी काँक्रीट कालवायला वापरले तर पुढे सळ्या गंजतात. उन्हाळ्यात कोरड्या हवेत ताजे सिमेंट मुरण्याआधीच वाळते, म्हणून टाइल्सचे काम पहाटे किंवा संध्याकाळी करून पुढचे काही दिवस ते ओले ठेवावे लागते. घाई केली की टाइल पोकळ वाजते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी मे महिन्यात दुपारी हात भाजेल इतके तापते. टाकीला सावली आणि उघड्या पाइपांना वेष्टण हा खर्च तिथे चैनीचा नाही.

आणखी एक त्रास तिथल्या कोरड्या हवेत लवकर होतो. पाहुण्यांचे बाथरूम काही आठवडे बंद राहिले की जाळीखालच्या ट्रॅपमधले पाणी उडून जाते आणि गटाराचा वास, झुरळे थेट घरात येतात. प्लंबर बोलावण्याआधी जाळीत तांब्याभर पाणी ओतून पाहावे.

मग किल्ल्यातल्या लोकांनी बाहेर जायचे का?

ही सूचना अनेकदा झाली आहे. पण काही हजार माणसे आजही आत राहतात, अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या. किल्ला 'जिवंत' आहे म्हणून त्याचे कौतुक करायचे आणि जगणाऱ्यांनी संडास बांधला की भुवया उंचावायच्या, हे बरोबर नाही. पूर्वीसारखे राहा असेही सांगता येत नाही. आपल्या जुन्या शहरांत कोरडे संडास होते, ते ठरावीक जातीच्या माणसांनी हाताने उपसावे लागत. १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनी ते बंद केले आणि तिकडे परत जायचा प्रश्नच नाही. एका कुटुंबाची एक मोरी आणि १० खोल्यांच्या १० बाथरूम यांना एकाच तराजूत तोलणेही अन्यायाचे आहे. घरोघरची दुरुस्ती चोख झाली तरी गल्लीतली वाहिनी गळती राहिली तर पाणी टेकडीतच जाणार, आणि ती वाहिनी बदलणे कोणा एका घरमालकाच्या हातात नाही.

पर्यटकाच्या हातात मात्र मुक्कामाची जागा निवडणे आहे. काही आंतरराष्ट्रीय गाइडबुकांनी याच कारणासाठी किल्ल्याच्या आतल्या मुक्कामाची शिफारस करणे थांबवले होते. तटाबाहेर चालत जाण्याच्या अंतरावर बरीच हॉटेले आहेत. त्यांच्या गच्चीवरून संध्याकाळी पूर्ण किल्ला पिवळा होताना दिसतो, आत राहणाऱ्याला तो तसा दिसत नाही.