हिंगमचं सभागृह

मी सुताराच्या घरातली. त्यामुळे मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावी ‘ओल्ड शिप चर्च’ पाहताना नजर आधी छताकडे गेली. ओक लाकडाच्या भल्यामोठ्या कैच्या, त्यांना वाकदार आधार. गलबत उलटं ठेवावं तसं दिसतं. आमच्या आजोबांना हे दाखवायला हवं होतं! १६८१ साली प्युरिटन लोकांनी हे सभागृह बांधलं. त्यांना प्रार्थनेच्या जागी मूर्ती, सजावट नको होती. प्रवचनही इथेच, गावसभाही याच छपराखाली. मधल्या काळात कुणीतरी खाली सपाट छत ठोकून या कैच्या झाकल्या. १९३०च्या जीर्णोद्धारात ते छत काढलं, हे फार चांगलं झालं. आता इथे युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळी प्रार्थनेला जमतात.